पिंजऱ्यातले चाक : अवजड टायरमध्ये हवा भरण्याचा इतिहास

१/
माझ्या मामांचे टायरचे दुकान साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत होते. गळीत हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि मालमोटारी तेथे रात्रभर थांबत. दुरुस्त केलेल्या चाकात हवा भरण्यापूर्वी मामा एक गोष्ट न चुकता करीत. रिमच्या भोकांतून जाड साखळी ओवून ती टायरभोवती गुंडाळीत, लॉक रिंगची बाजू भिंतीकडे वळवीत आणि आम्हा मुलांना कडुनिंबाच्या पलीकडे जाऊन बसायला लावीत. 'हवा भरताना रिंगसमोर देवसुद्धा उभा राहत नाही,' एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे. लहानपणी मला ती त्यांची एक लहर वाटे.

२/
ती लहर नव्हती. त्या साखळीमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि आजचा धागा त्याविषयी आहे. टायरचा शोध कोणी लावला, हे आपण शाळेत पाठ करतो. हवा गेलेल्या टायरमध्ये पुन्हा हवा कोणी भरली, कशी भरली आणि त्यात कोणाचा जीव गेला, हे मात्र कोणी विचारीत नाही. यंत्रांचा इतिहास बहुधा शोध लावणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो, दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूने क्वचितच. चाकाचा इतिहास दुरुस्तीच्या बाजूने वाचला, तर तो बराच निराळा दिसतो.

३/
प्रारंभ १८४५ पासून करू. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने त्या वर्षी ब्रिटनमध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि तिच्याभोवती चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. हे आवरण बोल्टांनी चाकावर आवळलेले असे. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून प्रयोग दाखवण्यात आले. गाडी हलकी चालली आणि आवाजही कमी झाला. तरीही शोध विस्मरणात गेला. त्या काळी नळीचे पातळ रबर महाग होते, आणि आत छिद्र पडलेच तर ते बोल्ट एकेक करून काढल्याशिवाय नळीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

४/
१८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर नव्याने घडवला. थॉमसनच्या आधीच्या पेटंटमुळे त्यांचे पेटंट पुढे रद्द ठरले, परंतु सायकलींच्या शर्यतींनी टायर लोकप्रिय केला होता. अडचण जुनीच राहिली. डनलॉपचा टायर चाकाला कापड गुंडाळून व चिकटवून बसवलेला असे. तो सोलून काढणे, नळीला ठिगळ लावणे, पुन्हा चिकटवणे आणि डिंक वाळेपर्यंत थांबणे, एवढा व्याप एका काट्यापायी करावा लागे.

५/
१८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच पंक्चर झालेला टायर घेऊन आला. दुरुस्तीला काही तास लागले आणि वाळवण्यात रात्र गेली. एद्वार मिशलँ यांनी यातून निष्कर्ष काढला तो टायर अधिक टिकाऊ करण्याचा नव्हता, तर तो सहज काढता-घालता येईल असा करण्याचा होता. १८९१ मध्ये त्यांच्या सुट्या होणाऱ्या टायरवर शार्ल तेराँ याने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. 'टायर सुटा झाला पाहिजे' हे तत्त्व येथे रुजले. पुढचे सारे फायदे आणि सारे अपघात याच तत्त्वातून आले.

६/
टायर सुटा करायचा, पण हवा भरल्यावर तो निसटू द्यायचा नाही. या दुहेरी अटीची दोन उत्तरे १८९० मध्येच मिळाली होती. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी टायरच्या कडेला जाड रबरी काठ दिला. तो रिमच्या वळलेल्या कडेखाली अडकत असे. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिमचा मधला भाग खोलगट ठेवला. टायरच्या या तारयुक्त कडेला आज दुकानात 'बीड' म्हणतात. आपल्या सायकलीपासून मोटारीपर्यंत बहुतेक चाके वेल्च यांच्याच कल्पनेवर चालतात.

७/
ती कल्पना समजून घेणे आवश्यक आहे. तारेची कडा रिमच्या काठापेक्षा लहान असते. मग ती आत जाते कशी? कडेचा एक भाग रिमच्या मधल्या खोलगटात ढकलला की समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो आणि तेवढ्यात टॉमीने कडा पलीकडे घालता येते. हवा भरली की तीच कडा खोलगटातून बाहेर सरकून रिमच्या उतरत्या बैठकीवर चढते व 'फट्ट' असा आवाज करून घट्ट बसते. मराठीची गंमत अशी की 'टायर बसला' म्हणजे हवा गेली आणि 'बीड बसला' म्हणजे काम नीट झाले. या दोन बसण्यांच्या मधल्या क्षणांतच सारा धोका साठलेला असतो.

८/
रस्त्यात दुरुस्ती करण्याची ही कटकट टाळण्यासाठी वेल्समधील लॅनेली गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये एक युक्ती काढली. आरे नसलेल्या एका कड्यावर आधीच हवा भरलेला टायर चढवायचा आणि पंक्चर झाले की ते कडे मूळ चाकाला बाजूने जखडून पुढे निघायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी पडले. ते चाक केव्हाच नाहीसे झाले, पण आपण आजही जादा चाकाला 'स्टेपनी'च म्हणतो. वेल्समधल्या एका गल्लीचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक एसटी चालकाच्या तोंडी आहे, हे मला कोणत्याही स्मारकापेक्षा मोठे वाटते.

९/
अवजड वाहनांची कथा मात्र वेगळी आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत मालमोटारी बहुधा भरीव रबराच्या टायरांवर धावत. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण तो वाहन खिळखिळे करतो, रस्ते फोडतो आणि वेग वाढू देत नाही. १९१७ मध्ये गुडइयर कंपनीने हवेच्या टायरांवरची मालमोटार अमेरिकेतील ॲक्रनहून बॉस्टनला धाडली. 'विंगफूट एक्सप्रेस' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या पहिल्या फेरीत चिखल आणि फुटणारे टायर यांमुळे प्रवास आठवड्यांवर गेला. तरीही हवा अवजड माल वाहू शकते, हे सिद्ध झाले. आता प्रश्न उरला तो असा टायर रिमवर चढवायचा कसा, हा.

१०/
वेल्च यांची युक्ती येथे अपुरी पडली. मालमोटारीच्या टायरची बीड जाड आणि ताठ असते. तिला खोलगटात दाबून सैलपणा मिळवणे माणसाच्या हातांना जमेना. यावर उपाय असा निघाला की टायर वाकत नसेल तर रिमच सुटी करावी. रिमचा तळ सपाट ठेवला, एका बाजूची कडा वेगळी काढता येईल अशी केली आणि ती जागेवर धरून ठेवण्यासाठी रिमच्या खाचेत एक चिरलेली पोलादी कडी बसवली. हीच लॉक रिंग. आता चालक आणि क्लीनर दोघे मिळून टॉमी व घणाच्या आधारे उजाड रस्त्यावरही टायर उतरवू शकत होते. मालवाहतुकीच्या दृष्टीने ही क्रांतीच होती.

११/
या कडीचे तत्त्व विलक्षण आहे. तिला नट नाही, बोल्ट नाही. टायरमधली हवा बीडला बाहेर ढकलते, बीड सुट्या कडेला ढकलते, कडा रिंगला खाचेत दाबते. म्हणजे जी हवा सारे उधळून देऊ पाहते, तीच हवा सारे जखडून ठेवते. रिंग खाचेत पूर्ण बसली असेल तर दाब वाढेल तसतशी ती अधिक घट्ट होते. खाच गंजलेली असेल, रिंग वाकलेली असेल किंवा दुसऱ्याच रिमची असेल, तर ती एका ठरावीक दाबापर्यंत टिकते आणि पुढच्या क्षणी सुटते. तो दाब कोणता, हे बाहेरून दिसत नाही.

१२/
थोडा हिशेब करू. आपल्याकडील मालमोटारींचा परिचित टायर म्हणजे १०.००-२०, दुकानातला 'हजार-वीस'. त्याच्या एका बाजूचे आतले क्षेत्रफळ सुमारे साडेआठशे चौरस इंच भरते. आत दर चौरस इंचाला १०० पौंड दाब असेल, तर त्या एका बाजूला बाहेर ढकलणारे एकूण बल होते सुमारे ८५,००० पौंड, म्हणजे ३८ टनांच्या आसपास. त्यातील काही भार टायरचे धागे पेलतात, उरलेला रिमच्या कडेवर आणि पर्यायाने त्या रिंगवर येतो. आणि ही रिंग नीट बसावी म्हणून, आत हवा असतानाच तिच्यावर हातोडी मारण्याची सवय जगभरच्या दुकानांत होती.

१३/
शेतीतही हवा उशिरा आली. ट्रॅक्टरला १९३० पर्यंत पोलादी चाके आणि त्यांवर पोलादी दाते असत. १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनच्या साह्याने कमी दाबाचे हवेचे टायर ट्रॅक्टरवर आणले. आरंभीच्या प्रयोगांसाठी चक्क विमानांचे टायर वापरले गेले. शेतकऱ्यांना शंका होती की रबर मातीत पकड घेणार नाही. त्यांचे मन वळवण्यासाठी कंपनीने शर्यतपटू बार्नी ओल्डफील्ड यांना ट्रॅक्टरवर बसवले. १९३३ मध्ये त्यांनी ताशी ६४ मैलांहून अधिक वेग गाठला. पुढच्या दशकभरात अमेरिकेतील नव्या ट्रॅक्टरांवरून पोलादी चाके जवळपास हद्दपार झाली.

१४/
माती उपसणाऱ्या यंत्रांतही तेच घडले. आर. जी. लटूर्नो या अमेरिकन कंत्राटदाराने याच दशकात आपल्या यंत्रांना मोठे रबरी टायर लावले. त्यांचे 'टूर्नापुल' हे टायरांवर धावणारे यंत्र १९३८ मध्ये बाजारात आले. यंत्रे वाढत गेली तशी रिमही अधिक सुटी होत गेली. खाणीतल्या डंपरच्या रिमचे साधारण पाच भाग असतात. ते म्हणजे मुख्य तळ, दोन बाजूंच्या दोन कडा, बीड बसण्याचा पट्टा आणि लॉक रिंग. हवा गळू नये म्हणून त्यांत रबरी वेढाही असतो. आज सर्वांत मोठ्या डंपरचा टायर सुमारे ४ मीटर उंच आणि ५ टनांहून अधिक वजनाचा आहे. भागांची संख्या जितकी जास्त, तितक्या चुकण्याच्या जागाही जास्त.

१५/
दुसऱ्या महायुद्धाने ही सुटी चाके जगभर पोहोचवली. लष्कराला शत्रूच्या प्रदेशात, साध्या हत्यारांनी, थोड्या वेळात टायर बदलायचे होते. म्हणून अनेक लष्करी वाहनांना दोन अर्ध्या भागांची, बोल्टांनी जोडलेली चाके असत. यात नवा घोटाळा निर्माण झाला. चाक गाडीला धरून ठेवणारे नट आणि चाकाचे दोन भाग एकत्र धरणारे नट शेजारी-शेजारी असत. घाईत चुकीचे नट सोडले की हवेने भरलेले चाक हातातच फुटे. ब्रिटिश सैन्याने यावर उपाय म्हणून दुसऱ्या प्रकारचे नट लाल रंगवले. माझ्या मते टायरच्या सुरक्षिततेच्या इतिहासातील हा सर्वांत साधा आणि सर्वांत सुज्ञ नियम. तो वाचावा लागत नाही, दिसतो.

१६/
युद्धानंतर मालमोटारींची संख्या वाढली आणि टायर दुरुस्तीचे काम सैनिकांकडून रस्त्याकडेच्या दुकानांत आले. अमेरिकेतील कारागीर या सुट्या रिमांना 'विधवा करणाऱ्या' म्हणू लागले. कारखाने, वाहतूक कंपन्या आणि ग्राहक यांना सुटी रिम सोयीची होती. तिचा धोका मात्र एकाच माणसाच्या वाट्याला आला, जो हवेची नळी हातात धरून चाकावर वाकलेला असे. रिंग सुटली तर ती डोके, मान वा छाती यांवरच येई, कारण काम करताना माणसाचे शरीर नेमके तेथेच असते. अपघात झाला की 'कारागिराची चूक' अशी नोंद होई आणि रिमचा आराखडा तसाच राही.

१७/
हे चित्र बदलायला बराच काळ लागला. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने जानेवारी १९८० मध्ये सुट्या भागांच्या रिमांसाठी स्वतंत्र नियम केला. त्याचा गाभा थोडक्यात असा : हवा भरताना चाक पोलादी पिंजऱ्यात किंवा तशाच मजबूत अटकावात ठेवावे. नळीचे तोंड वॉल्व्हला चिमट्याने अडकवावे, हाताने धरू नये. दाबमापक आणि हवेचा खटका माणसाच्या हाती, चाकापासून दूर असावा. रिंग उडण्याच्या मार्गात कोणी उभे राहू नये. हवा असताना रिंगवर घाव घालू नयेत. एका प्रकारच्या रिमचा भाग दुसऱ्या प्रकारच्या रिमला लावू नये. आणि हे काम करणाऱ्याला मालकाने रीतसर प्रशिक्षण द्यावे. शेवटची अट महत्त्वाची आहे. 'कारागिराची चूक' या शब्दांमागची जबाबदारी तिने मालकाकडे सरकवली.

१८/
१९८४ मध्ये हाच नियम अखंड रिमांनाही लागू झाला. वाचक विचारतील की ज्या रिमला रिंगच नाही, तिला पिंजरा कशाला? कारण तेथे बीडची तारच तुटू शकते. १६ इंची टायर आणि साडेसोळा इंची रिम यांची जोडी याचे कुप्रसिद्ध उदाहरण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. अर्ध्या इंचाच्या फरकामुळे बीड बैठकीवर चढत नाही. कारागिराला वाटते, अजून थोडी हवा हवी. तो दाब वाढवीत जातो. शेवटी तार तुटते आणि चाक उडते. 'थोडी आणखी' हा या साऱ्या इतिहासातील सर्वांत घातक शब्दप्रयोग आहे.

१९/
याच नियमातील आणखी एक कलम प्रत्येक चालकाला ठाऊक असावे. नेमून दिलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर टायर धावलेला असेल, तर त्यात तशीच हवा भरू नये. वॉल्व्हमधली पिन काढून उरलेली हवा पूर्ण सोडावी, टायर उतरवून आतून तपासावा आणि मगच पुढे जावे. कारण कमी हवेवर धावताना टायरची बाजू सतत दुमडते आणि आतल्या पोलादी तारा एकेक करून थकतात. बाहेरून टायर शाबूत दिसतो. हवा भरू लागताच एक तार तुटते, तिचा भार शेजारच्या तारेवर येतो, मग तीही तुटते आणि चेन उघडावी तशी टायरची बाजू उसवत जाते. हवा भरताना आतून तडतड ऐकू आली, तर हात थांबलेच पाहिजेत.

२०/
ट्यूबलेस टायरने आणखी एक पेच आणला. हवा पूर्ण गेली की बीड रिमपासून सुटते आणि फट पडते. मग कॉम्प्रेसरची हवा एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. रीतसर मार्ग असे आहेत. वॉल्व्हमधली पिन काढून हवेचा ओघ वाढवणे, बीड आणि रिम स्वच्छ करून साबणाचे वंगण लावणे, टायरच्या परिघाभोवती पट्टा आवळून त्याच्या बाजू फाकवणे, किंवा टाकीत साठवलेली हवा एका झटक्यात फटीतून सोडणे. ट्रॅक्टरच्या टायरसाठी उत्पादकांची सूचना असते की बीड बसवताना दाब ३५ पौंडांपुढे नेऊ नये. तेवढ्यावर बसली नाही तर हवा सोडावी, वंगण लावावे आणि पुन्हा आरंभ करावा.

२१/
आणखी एक मार्ग चित्रफितींमुळे सर्वांना माहीत झाला आहे. टायरमध्ये ज्वालाग्राही फवारा मारायचा, काडी लावायची आणि भडक्याने बीड बसवायची. हा प्रकार परिणामकारक दिसतो, म्हणूनच तो घातक आहे. भडक्याचा दाब किती होईल हे कोणाच्या हाती नसते आणि न जळलेली वाफ आत उरू शकते. उष्णता हा टायरचा जुना शत्रू आहे. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग केले किंवा अडकलेला नट सोडवण्यासाठी ज्योत लावली, तर आतले रबर तापून ज्वलनशील वायू सोडते. तो हवेतील प्राणवायूत मिसळून पेटला की होणारा स्फोट साध्या टायरफुटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच खाणींतल्या मोठ्या डंपरांत साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरण्याची प्रथा पडली.

२२/
आता आपल्याकडे वळू. भारतातील १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३१व्या कलमात वातावरणापेक्षा अधिक दाबाने चालणाऱ्या यंत्रांविषयी तरतूद होती. सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही, यासाठी उपाय योजावेत, असे ते कलम सांगे. परंतु मूळ व्याख्येनुसार 'कारखाना' ठरण्यासाठी यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागी किमान १० कामगार लागत. महामार्गावरच्या टायरच्या दुकानात दोघे असतात, एक उस्ताद आणि एक पोरगा. म्हणजे देशातील सर्वाधिक टायर जेथे हाताळले जातात, ती जागा सामान्यतः या कायद्याच्या दाराबाहेरच राहिली. अमेरिकेतही १९८० च्या नियमाने शेती आणि बांधकाम वगळले होते. बांधकामावरील पिंजऱ्याची सक्ती वेगळ्या नियमात होती. कायदा कोणाला मोजतो, यावर कोणाचा जीव मोजला जातो हे ठरते.

२३/
तंत्रज्ञान मात्र पुन्हा वळले आहे. १९५० च्या दशकापासून मालमोटारींसाठी खोलगट मध्य असलेली अखंड ट्यूबलेस रिम येऊ लागली, म्हणजे वेल्च यांची १८९० ची कल्पनाच मोठ्या आकारात परतली. आपल्या नव्या मालमोटारींवरही ती दिसू लागली आहे. तरीही जुन्या गाड्यांत, ट्रॉल्यांत आणि खाणींच्या यंत्रांत लॉक रिंग टिकून आहे. नवी यंत्रे शहरांत आधी येतात आणि जुनी यंत्रे वाड्या-वस्त्यांकडे सरकतात. त्यामुळे सर्वांत जुनी, सर्वांत गंजलेली रिम बहुधा तेथेच दुरुस्तीला येते, जेथे पिंजरा नसतो.

२४/
मामांच्या साखळीकडे परत येतो. मोठेपणी मी त्यांना विचारले, ही रीत कोणी शिकवली? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, तरुणपणी ते ज्या दुकानात काम शिकले, तेथे त्यांच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता. एका रात्री रांग मोठी होती, चालक घाई करीत होते आणि रिंग थोडी वर राहिली होती. मुलाने हवा न सोडताच तिच्यावर हातोडी मारली. तो वाचला, पण त्याचा एक डोळा गेला आणि जबडा पुन्हा कधी नीट जुळला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीप्रमाणे उघडले. मामांनी पहिल्या पगारातून साखळी विकत घेतली.

२५/
साखळी म्हणजे पिंजरा नव्हे, हे आज मला कळते. रिंग भिंतीकडे केली तरी चाकच उलट दिशेने उसळू शकते, हेही कळते. तरी त्या साखळीत आणि १९८० च्या नियमात मला एकच गोष्ट दिसते. दोन्ही कोणीतरी जखमी झाल्यानंतर आल्या. फरक इतकाच की एक राजपत्रात छापली गेली आणि दुसरी एका माणसाबरोबर संपली. मामांनंतर ते दुकान बंद झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघांची आज स्वतःची दुकाने आहेत. त्यांतील एकाने गेल्या वर्षी लोखंडी पाइप जोडून पिंजरा घडवून घेतला. दुसरा अजून साखळीच वापरतो.

२६/
तेव्हा पुढच्या वेळी पंक्चरच्या दुकानासमोर थांबाल, तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. हवा भरत असताना चाकासमोर उभे राहू नये आणि कारागिराला घाई करू नये. त्या मुलाच्या अपघातात गंजलेल्या रिंगइतकाच वाटा रांगेतल्या घाईचा होता. आपल्या भागातील दुकानांत या रिंगला, पिंजऱ्याला किंवा बीड बसवण्याच्या कामाला निराळे शब्द असतील, तर ते खाली अवश्य नोंदवावेत. या इतिहासाची कागदपत्रे फारशी नाहीत. जे काही आहे, ते याच शब्दांत साठलेले आहे.

धागा समाप्त.